चार भोंग्यांची पेटी

सोमवार, ३ तारीख

सूनबाईने ही डायरी दिली. तिच्या ऑफिसात वाटल्या म्हणे, तिला एक जास्तीची मिळाली. म्हणाली, "आई, रोज थोडं लिहीत जा, मन रमेल." माझं मन रमत नाही असं तिला कोणी सांगितलं कोण जाणे. पण कागद गुळगुळीत आहे, आणि फुकटचा गुळगुळीत कागद वाया घालवणाऱ्यातली मी नाही. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे अक्षर मुंग्यांनी रस्ता चुकल्यासारखं पडतं. वाचणारी मीच, तेव्हा चालेल.

आजची मोठी बातमी. भिंगरी बँड काढणार आहे. भिंगरी म्हणजे माझी नात. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून लहानपणी मीच हे नाव पाडलं. आता कॉलेज संपवून झेरॉक्सच्या दुकानात कामाला जाते तरी तेच चाललंय.

सकाळी चहाला सगळे बसले होते. चिरंजीव सूनबाईला म्हणाले, "आईच्या खोलीचं काय ते एकदा ठरवून टाकू." मला वाटलं, रंग देतात. मी सांगणारच होते की पिवळा नको, पिवळ्यात मी आजारी दिसते. तेवढ्यात भिंगरीने कप खाली ठेवला.

"आजीच्या खोलीत मी बँड काढतेय."

"कसला बँड?"

"गिटारचा."

"तुला गिटार येते कुठे?"

"म्हणून तर सराव लागणार. रोज."

चिरंजीवांचा चेहरा पांढऱ्या शर्टावर चहा सांडल्यासारखा झाला. सूनबाई म्हणाली, "अगं, आजीला त्रास होईल." माझी एवढी काळजी तिला, आणि मी उगाच तिला नावं ठेवत असते. मी म्हटलं, "मला कसला त्रास? मी जन्मभर इस्त्र्या आपटल्या त्या खोलीत, दोन तारा वाजल्या तर काय होतंय." भिंगरीने टेबलाखालून माझा हात घट्ट दाबला. पोरीला गाण्याची एवढी ओढ होती आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

खोलीचं सांगायचं राहिलं. माझी खोली म्हणजे घराची रस्त्याकडची बाजू. पूर्वी तिथे आमची लाँड्री होती. हे पुढे गिऱ्हाईक सांभाळायचे, मी मागे इस्त्री मारायची, आणि चिरंजीव टेबलाखाली गरम कपड्यांच्या गठ्ठ्यावर झोपून लहानाचे मोठे झाले. आता लोकांना सांगतात, वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता. हे गेले, दुकान बंद झालं, मी पलंग टाकला. रस्त्याकडचं लोखंडी शटर मात्र अजून आहे. संध्याकाळी ते वर करून मी गंमत बघत बसते. येणारे-जाणारे म्हणतात, "आजी, जागा काय मोक्याची आहे." मी म्हणते, "हो ना, वारा छान येतो."

गुरुवार, ६

बँडची माणसं आली. मला वाटलं होतं दहा-बारा असतील, एकसारखे कोट असतील. दोघंच आली, आणि त्यातल्या एकाच्या शर्टाला बटण नव्हतं. मी लावून दिलं.

तो ठोक्या. फर्निचरच्या कारखान्यात दिवसभर खिळे ठोकतो आणि संध्याकाळी ड्रम ठोकतो. हत्यार बदलतं, काम तेच. पोरगा गुणी आहे, चहाला नाही म्हणत नाही.

दुसरा मफलर. विम्याच्या कचेरीत फोनवरून लोकांना मरणाची भीती घालतो आणि उरलेल्या वेळात गातो. गळ्याला काही होऊ नये म्हणून भर दुपारी मफलर गुंडाळून फिरतो. गळा ऐकल्यावर मला वाटलं, जे व्हायचं ते होऊन गेलंय. गाताना डोळे मिटतो. आमचे चेहरे दिसू नयेत म्हणून असेल.

भिंगरीने कोणाची तरी जुनी गिटार आणली आहे. तिला तीन जागी बोटं ठेवता येतात. चौथी जागा आली की ती थांबते, बोटं शोधते, आणि बाकीचे दोघं तिच्यासाठी थांबतात, रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यासाठी गाड्या थांबतात तसे. मला फार आवडलं. घाईत वाजवणाऱ्यांचं काही समजतच नाही.

मफलर म्हणाला, "आवाज पोचत नाहीये. अँप घ्यावा लागेल."

मी विचारलं, अँप म्हणजे काय.

"आजी, गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी असते."

"म्हणजे चुकासुद्धा मोठ्या होणार?"

ठोक्या हसला. मफलरने डोळे मिटले. भिंगरी उठून स्वयंपाकघरात गेली, तिथे चिरंजीव पेपर वाचत होते. परत आली आणि म्हणाली, "बाबांना काही फरक पडलेला नाही. पेटी घ्यायलाच हवी."

बापाने आपलं वाजवणं ऐकावं अशी तिची किती इच्छा. चिरंजीवांना याची काही किंमत नाही.

रविवार, ९

आज आम्ही पेटी बघायला गेलो. भिंगरी, मी आणि मफलर. मफलर जाणकार म्हणून आला होता. जाणकार म्हणजे काय, तर प्रत्येक पेटीवर टिचकी मारायची आणि "हं" म्हणायचं.

जुन्या वाद्यांचं दुकान आहे, चार पायऱ्या उतरून जावं लागतं. दुकानदार कानात कापूस घालून बसला होता. स्वतःच्या मालावर एवढा विश्वास असलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

पहिली पेटी त्याने दाखवली ती डब्याएवढी. "घरात शिकायला हीच घ्या. हेडफोन लावला की बाहेर कोणाला काही ऐकू जात नाही." भिंगरीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याने तिला मुका नवरा दाखवला.

दुसरी मधल्या आकाराची. दुकानदाराने स्वतः वाजवून दाखवली. काय सांगू, थंडीत कोमट पाण्यात हात घालावा तसं वाटलं. मफलर म्हणाला, "ही गायकाला जागा देते." भिंगरी पेटीपाशी वाकली. तिच्यावरून बोटं फिरवत राहिली, दुकानातल्या मांजरीवरून फिरवावीत तशी. मला वाटलं, झालं, हीच घेणार.

मग तिने विचारलं, "ही एकट्याला उचलता येते?"

"ताई, एका हाताने. हे बघा."

"मग नको," म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

कोपऱ्यात चादर टाकलेलं काहीतरी होतं. मला वाटलं फ्रीज. चादर काढली तर पेटी. चार मोठे भोंगे, वर बटणं आणि कानांची रांग. कान म्हणजे ते पिळायचे गोल. कुठल्याशा सभागृहातून परत आली म्हणे. दुकानदार म्हणाला, "ही आहे, पण ही घरात नेण्यासारखी नाही. दोन माणसांना हलत नाही. साधी पिन चालत नाही, जाड पिनेचा पॉइंट लागतो."

"आजीच्या खोलीत आहे जाड पिनेचा. इस्त्रीसाठी होता. घरात तेवढा एकच."

"आणि आवाज भिंतीतून जातो."

"किती भिंतींतून?"

त्याने कानातला कापूस काढला आणि भिंगरीकडे नीट पाहिलं. "ताई, तुम्हाला नक्की वाजवायचंय ना?"

"तुम्ही सांगा हो."

"जेवढ्या असतील तेवढ्या. आणि एक ध्यानात ठेवा. कान पूर्ण पिळलेले असताना गिटार हिच्या तोंडाला टेकवून ठेवू नका. गिटार हिचा आवाज ऐकते, ही गिटारचा ऐकते, आणि दोघी मिळून किंचाळत सुटतात. कोणी हात न लावता."

"आपोआप?"

"आपोआप. बंद करेपर्यंत."

"हीच द्या," भिंगरी म्हणाली.

मफलर म्हणाला, हिच्यापुढे माझा गळा कोण ऐकणार. मी म्हटलं, बाळा, सगळं काही आपल्या मनासारखं होत नसतं.

पैसे भिंगरीने दिले. स्कूटर घ्यायची म्हणून ती साठवत होती. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "आजी, मला चालायला आवडतं." पाय ठरतच नाहीत तिचे, वर लिहिलंच आहे.

सोमवार, १०

पेटी आली. ठोक्याने कारखान्यातली माणसं आणली आणि खाली गोल पाइप सारत सारत ती रस्त्यावरून माझ्या शटरातून आत घेतली. सगळी गल्ली बघत होती. मला कोणीतरी मोठं माणूस घरी राहायला आल्यासारखं वाटत होतं.

जिथे पूर्वी इस्त्रीचं टेबल होतं तिथेच ठेवली. टेबलाच्या पायांनी फरशीला खळगे पडलेत, त्यामुळे एका कोपऱ्यावर डुगडुगते. ठोक्या म्हणाला, "आजी, लाकडाची पाचर करून आणतो." सुतारकाम करणाऱ्याने "आणतो" म्हटलं की आपण तो विषय सोडून द्यावा.

हिच्या पाठीत काचेचे दिवे आहेत. आधी खालचं बटण दाबायचं, मग दिवे हळूहळू लाल होतात, तापतात, आणि मग वरचं बटण दाबलं की तोंड उघडते. तापायच्या आत बोलायला लावलं तर बिघडते. माझंही सकाळी तसंच असतं.

खालचं बटण मी दाबायचं ठरलं, मंडळी यायच्या आधी. म्हणजे मी बँडमध्ये आहे. दुकान होतं तेव्हा, विजेची इस्त्री यायच्या आधी, हे शटर उघडायच्या आत मी कोळशाच्या इस्त्र्या तापवून ठेवायची, तेच काम पुन्हा मिळालं. वरच्या बटणाला मात्र हात लावायचा नाही असं भिंगरीने बजावलंय. ते तिचं.

संध्याकाळी पहिला सराव झाला. कपाटातल्या माझ्या औषधाच्या बाटल्या पुढे सरकत सरकत काठावर आल्या, जणू त्यांनाही नीट बघायचं होतं. चिरंजीव दारात येऊन उभे राहिले. त्यांचं तोंड बराच वेळ हलताना दिसलं आणि ऐकू काहीच आलं नाही. एवढी छान संध्याकाळ बऱ्याच दिवसांत गेली नव्हती.

शुक्रवार, १४

आमचं नाव झालं. आज बँड बघायला बाहेरचा माणूस आला.

सकाळी भिंगरीने बापाला विचारलं, "बाबा, आज कोणी येणार आहे का?" चिरंजीव म्हणाले, "एक ओळखीचे आहेत, संध्याकाळी डोकावतील." तिने लगेच ठोक्याला आणि मफलरला फोन करून बोलावलं. शिस्त म्हणजे शिस्त.

माणूस मोबाइलच्या दुकानाचा मालक निघाला. खिशातून टेप काढून भिंती मोजल्या, शटर वर-खाली करून पाहिलं, माझा पलंग किती जागा खातो ते पाहिलं. मी भिंगरीला खुणेनं विचारलं, हे काय. ती कानात म्हणाली, "आजी, बँड बघायला आलेत. मोठे कार्यक्रम देणारे आधी जागेचा अंदाज घेतात." मग तिने वरचं बटण दाबलं.

तो दोन्ही हातांनी कान झाकून ऐकत होता. आत गेलेला सूर बाहेर निसटू नये म्हणून असेल. गाणं संपल्यावर त्याने चिरंजीवांना विचारलं, "हे रोज असतं?"

"छे, छे," चिरंजीव म्हणाले.

"रोज," भिंगरी म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी दोनदा."

"आणि ही पेटी..."

"ती हलत नाही, काका. हलवून बघा."

त्याने खरंच हलवून पाहिली. गेला तो टेप विसरून. मी चिरंजीवांना म्हटलं, "अरे, टेप राहिली त्यांची, परत येतील बघ." चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेले. त्यांना कोणी आनंदात असलेलं बघवत नाही, हा त्यांच्या वडिलांचा गुण नाही, कुठून आला कळत नाही.

मंगळवार, १८

चिरंजीव आज माझ्या पलंगावर येऊन बसले. यापूर्वी बसले होते तेव्हा त्यांना ताप आला होता.

हातात जाड कागदाचं रंगीत पुस्तक होतं. त्यात तळं, झाडं, आणि बाकावर पांढऱ्या केसांची माणसं बसून हसताहेत. इतकी म्हातारी, आणि कोणाचा एक दात पडलेला नाही.

"आई, तुला जरा हवापालट होईल. इथे धूळ, गाड्या, त्यात आता हा गोंगाट."

"कसला गोंगाट?"

"तिथे डॉक्टर आहे, जेवण वेळेवर मिळतं, सोबत आहे."

"किती दिवस जायचं?"

"आवडलं तर राहायचं की. घाई कसली आहे?"

"तुम्ही दोघं येणार?"

"आम्ही येत जाऊ ना. रविवारी."

"आणि माझी खोली?"

"ती... वापरात राहील, आई. बंद नाही पडणार."

केवढी काळजी. लोकांची मुलं आईला कोपऱ्यावरच्या बागेत नेत नाहीत आणि माझा मला तळ्याकाठी पाठवतोय, वर माझी खोली बंद पडू नये एवढंही बघतोय. माझे डोळे भरून आले. त्याचेही आले की काय असं वाटलं, पण तो पटकन उठला.

संध्याकाळी भिंगरीला पुस्तक दाखवलं. तिने सगळी पानं उलटली. शेवटच्या पानावर काहीतरी बारीक छापलंय, ते तिने दोनदा वाचलं. मग विचारलं, "आजी, तुला जायचंय का?"

"तळ्याकाठी डास फार. आणि ही माणसं बघ, कशाला हसताहेत ते सांगतच नाहीत. अशांत माझं कसं निभायचं? शिवाय मी गेले तर पेटी कोण तापवणार?"

ती उठली. पेटीजवळ गेली आणि रांगेतले सगळे कान एकेक करून शेवटपर्यंत पिळले. तेव्हापासून ते तसेच आहेत. ठोक्या आणि मफलर यायचे होते, तरी एकटीच वाजवत बसली. त्याच तीन जागा. बापाच्या खोलीच्या भिंतीकडे तोंड करून.

शनिवार, २२

चिरंजीवांना अचानक संगीताची आवड लागली आहे. दोन-तीनदा पाहिलं, मफलरच्या खांद्यावर हात टाकून जिन्यात उभे असतात. मला बरं वाटलं. म्हटलं, वाया गेलेलं माणूस रस्त्याला लागलं.

आज कळलं काय ते. चिरंजीवांच्या मित्राचं गोदाम रिकामं आहे, ते बँडला देणार. स्टेज आहे, पंखे आहेत, आणि पेटी न्यायला टेम्पोसुद्धा तेच पाठवणार.

मफलर म्हणाला, "कलेला मोकळी जागा लागते."

भिंगरी म्हणाली, "पेटी इथून हलणार नाही."

"अगं, पण इथे औषधाच्या वासात गायचं?"

"हो."

"मग बँड हलेल."

"हलू दे."

ठोक्या मध्येच म्हणाला, "तिथे चहा असतो का?"

"मशीन आहे," मफलर म्हणाला. "बटण दाबलं की येतो."

ठोक्या विचारात पडला. मग त्याने ड्रम उचलले, माझ्याकडे बघितलं नाही, आणि गेला. मफलर जाताना म्हणाला, "तुला बँड नकोच होता. तुला नुसता आवाज हवा होता."  ते गेल्यावर भिंगरी पेटीवर डोकं टेकून बसली आणि मला दिसू नये असं रडली.

मला दिसलंच. मी समजायचं ते समजले, या वयात होतं असं. पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "अगं, तो गाताना डोळे मिटतो. तुझ्याकडे बघतही नव्हता. त्याच्यासाठी काय रडतेस?" ती रडता रडता हसायला लागली आणि म्हणाली, "हो आजी, बरोबर आहे तुझं." माझ्या बोलण्याने उतार पडतो पोरीला.

रविवार, २३

आज सराव नाही. मी पेटी तापवून ठेवली होती. दिवे लाल झाले, मी बघत बसले, मग बंद केले.

बुधवार, २६

आज जे झालं ते नीट लिहायला हवं, नाहीतर मलाच पुढे खोटं वाटेल.

चिरंजीव कालच म्हणाले होते, "आई, उद्या पाहुणे यायचेत. पक्कं करायला येतायत, जरा नीट राहा." म्हणजे कोणीतरी कार्यक्रम ठरवायला येणार आणि आमचा बँड पळालेला. मला रात्री घास गेला नाही. त्यात सकाळीच सूनबाईने भिंगरीला आपल्या मावशीकडे औषधं पोचवायला धाडलं, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मावशीला औषध लागतं हे मला आजच कळलं. परवा तर ती आमच्याकडे सोफा ढकलून त्याच्या मागचं झुरळ मारत होती.

दुपारी पाहुणे आले. चष्म्याच्या दुकानाचे मालक आणि त्यांची बायको. दोघांनाही चष्मा. मी सवयीने पेटी तापवून ठेवलीच होती. चष्मेवाले खोलीभर फिरले. "इथे काचेचं कपाट. इथे आरसे. डोळे तपासायची खुर्ची त्या कोपऱ्यात." मला वाटलं, स्टेजवर मांडायचं सामान सांगताहेत. चष्म्याच्या दुकानाच्या कार्यक्रमात काचा असणारच. चिरंजीवांच्या हातात कागद आणि पेन होतं. पेनाचं टोपण काढलेलं होतं.

चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "आणि या आजी?"

"ती जाणार आहे," चिरंजीव म्हणाले. "तळ्याकाठी. फार छान ठिकाण आहे."

"मी कुठे जातेय?" मी म्हटलं. "मी गेले तर ही तापवणार कोण?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चिरंजीव म्हणाले, "आई, चहाचं बघतेस का जरा?"

निघाले चहाला. पण दारात माझा पाय अडला. पाहुणे पक्कं करायला आलेत आणि आपली पेटी मुकी बसलीय, हे मला बघवेना. म्हटलं, वाजवणारं कोणी नाही तर नाही, निदान मांडून तरी ठेवावं, गिऱ्हाइकापुढे कपडा घडी घालून ठेवतो तसं. मी वळले, वरचं बटण दाबलं. भिंगरीची माफी मनात मागितली. पलंगावरची गिटार उचलली, तिची तार पेटीत तशीच लावलेली होती. फडक्याने पुसली आणि पेटीच्या तोंडाला छान टेकवून ठेवली, पाहुण्यांकडे तोंड करून. मग चहा टाकायला गेले.

पाण्याला आधण येत होतं तेव्हा खोलीतून गुणगुणल्यासारखं ऐकू आलं. म्हटलं, चष्मेवाल्यांना गाण्याची आवड दिसते. मग ते गुणगुणणं मोठं झालं. मग कपबश्या नाचायला लागल्या. आणि मग असा काही आवाज फुटला की माझ्या हातातला चमचा आपला आपण थरथरायला लागला.

धावत गेले. कोणीही गिटारला हात लावलेला नव्हता आणि ती वाजत होती. एकटी. तिला केवढा आनंद झाला होता काय सांगू, एवढ्या दिवसांनी माणसं बघून. चष्मेवाले शटराबाहेर रस्त्यावर उभे होते आणि बाई त्यांच्या मागे, चष्मा हातात धरून. सूनबाई उशीत डोकं खुपसून माझ्या पलंगावर. चिरंजीव पेटीपुढे गुडघे टेकून एकेक कान पिळत होते. उजवीकडे जागाच उरलेली नव्हती, म्हणून डावीकडे पिळायचे, आवाज वेगळाच व्हायचा, घाबरून परत उजवीकडे.

"आई, बंद कर," ते ओरडत होते. ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळत होतं.

मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, "वरचं बटण माझं नाही. ते भिंगरीचं आहे."

त्यांनी पिन ओढून पाहिली. जुना पॉइंट, पिन तापून चिकटलेली, हाताला चटका बसला. सगळी गल्ली शटरासमोर जमली. तेवढ्यात गर्दीतून भिंगरी घुसली. मावशीने 'मला कसली औषधं' म्हणून परत धाडलं होतं, येताना रस्त्याच्या पार त्या टोकाला तिला ऐकू गेलं म्हणे आणि औषधं तशीच घेऊन ती धावत सुटली. तिने गिटार बाजूला केली, वरचं बटण दाबलं, आणि एकदम सगळं शांत झालं. इतकं शांत की स्वयंपाकघरात चहा उतू गेलेला ऐकू आला.

चष्मेवाले बाहेरूनच म्हणाले, "साहेब, ही पेटी तुम्ही काढून देणार होतात."

"काढतो ना. दोन दिवसांत काढतो."

त्यांच्या बायको मात्र आत आल्या. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "आजी, तुम्हाला जायचंय का हो त्या तळ्याकाठी?"

"नाही बाई," मी म्हटलं. "माझा बँड आहे इथे. मी सांगितलं की मुलाला, पण त्याला वाटतं आई संकोच करते."

बाईंनी चिरंजीवांच्या हातातला कागद घेतला, नीट दुमडला, आणि त्यांच्याच शर्टाच्या खिशात ठेवला. "आम्ही दुसरीकडे बघतो," म्हणाल्या. चहालासुद्धा थांबल्या नाहीत. उतूच गेला होता म्हणा.

भिंगरी खाली बसली, पेटीला पाठ टेकली आणि हसत सुटली. हसता हसता रडायला लागली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी तिला म्हटलं, "चुकलं माझं, माझ्यामुळे ठरलेला कार्यक्रम गेला."

"आजी, काय वाजवलंस तू."

"मी कुठे? मी तर चहा करत होते."

शनिवार, २९

दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. सूनबाई आज पहिल्यांदा बोलली, "या घरात काही होणार नाही." मी तिला धीर दिला. म्हटलं, "होईल गं. अजून पोरीची बोटं तीनच जागी बसतात, चौथी येईल हळूहळू."

ठोक्या परत आला. मशीनचा चहा त्याला मानवला नाही. म्हणतो, गोदामात मफलर एकटाच गातो, आणि त्याचाच आवाज फिरून परत येतो, तेव्हा त्याला वाटतं कोणीतरी दाद देतंय. सुखी आहे बिचारा. शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं होतं, लावून दिलं.

दुपारी मुलगा आला खोलीत, हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि नवा पॉइंट घेऊन. म्हणाला, "असा जळका पॉइंट ठेवतात का? आग लागेल एखाद्या दिवशी." खाली बसून जुना काढला, नवा बसवला. बोटाला चटक्याची पट्टी होती. पूर्वी टेबलाखाली जिथे झोपायचा तिथेच बसला होता, पण त्याच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही. मग विचारलं, "हे दिवे तापायला किती वेळ लागतो?"

"तू दप्तर भरायचास तेवढा."

"म्हणजे बराच," तो म्हणाला. आणि उठून दारात जाऊन उभा राहिला.

पेटी अजून डुगडुगत होती. ठोक्या पाचर आणायला विसरला, ते तर मी आधीच लिहून ठेवलंय. मला एकदम ते तळ्याचं पुस्तक आठवलं. परत कोणी मागितलं नव्हतं आणि कागद चांगला जाड. मी त्याच्या घड्या घातल्या, ती हसणारी माणसं आत गेली, आणि कोपऱ्याखाली सारलं. ठोक्याने अंगातला सगळा जोर लावून ढकलून पाहिलं. मुलगा दारातून बघत होता.

आता हलत नाही.